भाकरी, जमीन आणि माणुसकी : शेतीचे तत्त्वचिंतक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची ओळख आपल्याला अनेक अंगांनी आहे. राज्यघटनेचे शिल्पकार, अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, धम्मक्रांतीचे प्रवर्तक अशा रूपांत आपण त्यांना वंदन करतो. परंतु शेती, पाणी आणि अन्न यांचा मूलगामी विचार करणारे तत्त्वचिंतक म्हणून त्यांच्या कार्याची चर्चा आपल्या अभ्यासवर्गांत फारशी होत नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील किंवा आजीआजोबा गाव सोडून शहरात आले. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत, तर कोणी नगरपालिकेत लागले. पुढची पिढी शिकली, बँकेत व सरकारी कचेरीत गेली. शेतीशी असलेला संबंध तुटला आणि त्यातून एक समज रूढ झाला, की बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितले, म्हणजे शेतीही सोडायला सांगितली. हा समज कितपत बरोबर आहे, हे तपासणे हा या पाठाचा हेतू आहे.

विद्यार्थ्यांनी हा पाठ वाचताना चार प्रश्न डोळ्यांसमोर ठेवावेत. अन्न पिकवतो कोण? ज्या जमिनीत ते पिकते ती कोणाच्या नावावर आहे? पिकलेले अन्न कोणाच्या ताटात जाते? आणि ते ताट त्याच्यापुढे मानाने येते की अपमानाने? बाबासाहेबांच्या सुमारे चाळीस वर्षांच्या लिखाणात व कार्यात हे चार प्रश्न पुन्हा पुन्हा येतात.

१. महात्मा फुले यांचा वारसा

बाबासाहेबांनी भगवान बुद्ध, कबीर आणि महात्मा जोतीराव फुले यांना आपले गुरू मानले. १९४६ साली प्रसिद्ध झालेला शूद्रांविषयीचा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला आहे. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकरी कर्जात का बुडतो, अज्ञान आणि कर्मकांड त्याला कसे लुटते, सरकारी नोकरशाही त्याला कशी नागवते, हे त्यात त्यांनी मांडले. ते केवळ दुःख सांगून थांबले नाहीत. डोंगरउतारावरची माती व पालापाचोळ्याचे सत्त्व वाहून जाऊ नये म्हणून ताली व बंधारे घालावेत, तळी बांधावीत, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण द्यावे, असे उपायही त्यांनी सुचवले. शेतीचा प्रश्न हा ज्ञानाचा, सत्तेचा आणि न्यायाचा प्रश्न आहे, ही दृष्टी बाबासाहेबांना या परंपरेतून मिळाली.

२. १९१८ : लहान धारणक्षेत्राचा प्रश्न

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ व लंडन येथील शिक्षणाचा पहिला टप्पा संपवून परत आल्यावर १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय या विषयावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. शेतीचे तुकडे पडत आहेत, ते एकत्र करा, वारसाहक्काचा कायदा बदला, अशी चर्चा तेव्हा सरकारी वर्तुळात जोरात होती. बाबासाहेबांनी या चर्चेच्या मुळाशीच हात घातला.

त्यांचा युक्तिवाद साधा आहे, पण तो नीट समजून घेतला पाहिजे. विखुरलेले तुकडे एकत्र आणणे ही एक गोष्ट, आणि धारणक्षेत्र मोठे करणे ही दुसरी गोष्ट. पहिली केल्याने दुसरी आपोआप होत नाही. त्या काळचे तज्ज्ञ म्हणत, की एका कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारणक्षेत्र. बाबासाहेब म्हणाले, ही व्याख्या खाणाऱ्या तोंडांवरून केलेली आहे. शेती हा उत्पादनाचा व्यवसाय आहे. म्हणून जमीन लहान की मोठी हे एकटे तिच्या मापावरून ठरत नाही. तिच्यावर राबणारे हात किती, बैल किती, अवजारे कोणती, भांडवल किती, या सर्वांचे प्रमाण पाहावे लागते. ज्याच्याजवळ बैलच नाही त्याला दोन एकर जमीनही जास्त होते, आणि ज्याच्याजवळ पाणी व साधने आहेत तो तेवढ्याच जमिनीत भरघोस पीक काढतो.

मग खरे दुखणे कोणते? जमिनीवर पोट भरणाऱ्यांची संख्या जास्त आणि दुसरा उद्योग नाही, म्हणून माणसे शेतीला चिकटून बसतात. वर्षातले कित्येक महिने हात रिकामे राहतात. रिकामा हात कमावत नाही, पण खातो. म्हणून उपाय शेतीच्या बाहेर शोधला पाहिजे. उद्योगधंदे वाढवा, जादा हातांना तिथे काम द्या, म्हणजे जमिनीवरचा भार हलका होईल आणि शेतीत भांडवलही येईल.

आज शंभराहून अधिक वर्षांनी हा प्रश्न सुटलेला नाही. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. बाबासाहेबांनी शेती टाकून द्या असे म्हटले नव्हते. शेती जगावी म्हणूनच तिच्यावरचा बोजा कमी करा, असे त्यांचे म्हणणे होते. या दोन गोष्टींतला फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

३. महाड १९२७ : मागून आणलेली भाकरी

१९१८ चे बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञाच्या भाषेत बोलतात. १९२७ साली महाडला तेच बाबासाहेब अन्नाच्या नीतीविषयी बोलतात. चवदार तळ्याचा सत्याग्रह हा पाण्याचा सत्याग्रह होता, हे आपण जाणतो. पण १९ व २० मार्च १९२७ च्या त्या परिषदेत त्यांनी लोकांना आणखी तीन गोष्टी सांगितल्या : मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्याशिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, आणि शेतीसाठी जमीन मिळवा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांनाही त्यांनी मृत मांस घरात शिजू देऊ नका असे बजावले.

हे सांगण्यामागचे कारण समजण्यासाठी जुन्या गावगाड्याची रीत माहीत हवी. महार वतनदाराने सांगावे पोचवायचे, सरकारी पाहुण्यांची सरबराई करायची, वेशीची राखण करायची, मेलेले जनावर ओढून न्यायचे. या रात्रंदिवसाच्या राबण्याचा मोबदला म्हणजे वतनी जमिनीचा लहानसा तुकडा, सुगीच्या वेळी बलुत्याचे धान्य आणि येसकराने दारोदार फिरून मागून आणलेली भाकरी. जमिनीच्या त्या तुकड्यावर सगळ्या महारवाड्याचा हक्क, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला काही वाफेच येत. वरवर पाहता हा हक्क होता. आपले जुने लोक त्याला हक्काची भाकरी म्हणत. परंतु काम ठरलेले नाही, वेळ ठरलेली नाही, मजुरी ठरलेली नाही, आणि नाही म्हणण्याची सोय नाही, अशा हक्काला बाबासाहेबांनी गुलामगिरी म्हटले.

येथे अन्नाच्या नीतीचा एक महत्त्वाचा सिद्धान्त दिसतो. पोट भरणे पुरेसे नाही. जे अन्न खाल्ल्यावर माणसाला मान खाली घालावी लागते, ते अन्न त्याचे शरीर जगवते आणि माणूसपण मारते. भुकेपेक्षा स्वाभिमान मोठा, असे भरल्या पोटी कोणीही म्हणेल. अर्धपोटी समाजाने ते स्वतःच्या चुलीपाशी अमलात आणले, हे महाडचे मोठेपण आहे. अनेक गावांत आपल्या वाडवडिलांनी मागून आणलेली भाकरी बंद केली, मेलेले ढोर ओढणे बंद केले, आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. दुकानदाराने मीठमिरची दिली नाही, शेतावर काम मिळाले नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, अशी एखादी आठवण बहुतेक घरांत निघेल.

उलट बाजूही बाबासाहेबांनी दाखवली आहे. जयपूर संस्थानातील चकवारा गावात १९३६ साली एका अस्पृश्य गृहस्थाने तीर्थयात्रेहून आल्यावर आपल्या जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. तूप खाण्याची यांची पायरी नाही, म्हणून लोक लाठ्या घेऊन त्या पंगतीवर धावून आले. ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवला आहे. तूप विकत घेण्याची ऐपत असूनही ते खाण्याचा अधिकार नव्हता. म्हणजे ताटात काय असावे, हे बाजार आणि पाऊस जसे ठरवतात तशी जातही ठरवते.

४. कायदेमंडळातील लढा : वतन आणि खोती

बाबासाहेबांनी भाषणे करून हा प्रश्न सोडून दिला नाही. ऑक्टोबर १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात जमिनीचे तुकडे रोखणारे विधेयक आले. ठरावीक मापापेक्षा लहान तुकडा पडू द्यायचा नाही, हा त्याचा गाभा होता. बाबासाहेबांनी विरोध केला. अशाने काही वारस जमिनीला मुकतील आणि भूमिहीनांची संख्या वाढेल, हे त्यांनी दाखवून दिले. मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवून सर्वांनी मिळून सहकारी पद्धतीने शेती करावी, असा पर्याय त्यांनी पुढे ठेवला.

१९२८ साली त्यांनी महार वतनाबाबत विधेयक मांडले. बलुत्याच्या ऐवजी रोख वेतन द्यावे, आणि ज्यांना नोकरी सोडायची असेल त्यांना पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, असे त्याचे स्वरूप होते. ते त्या वेळी तडीस गेले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक आणले. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाणे जिल्ह्याच्या काही भागांत सरकार व शेतकरी यांच्यामध्ये खोत उभा असे. सारा गोळा करण्याच्या अधिकाराच्या जोरावर तो कुळाला वेठीस धरी. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे याच रत्नागिरी जिल्ह्यातले. खोताला वाजवी भरपाई द्या, पण कसणाऱ्याला थेट सरकारच्या दप्तरी कब्जेदार करा, अशी त्यांची मागणी होती. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. हा लढा एका जातीचा नव्हता, कसणाऱ्या हातांचा होता. अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सुमारे सहा वर्षे कुळांनी जमीन न कसण्याचा संप केला, त्यालाही बाबासाहेबांनी साथ दिली. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली.

५. पाणी

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या खात्याकडे वीज व पाटबंधारेही होते. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी आणि महानदीवरील हिराकूड योजनेची सुरुवातीची आखणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगही १९४५ साली स्थापन झाला. पूर आला की पाणी लवकर समुद्रात कसे सोडावे, एवढाच विचार पूर्वी होत असे. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत बाबासाहेबांनी ही रीत चुकीची ठरवली. माणसाला जास्तीच्या पाण्यापेक्षा पाण्याच्या टंचाईचा त्रास अधिक होतो. म्हणून पाणी साठवा, त्याच साठ्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक तिन्ही मिळवा, असे त्यांनी मांडले. महाडला ओंजळभर पाण्याचा हक्क मागणारा नेता अठरा वर्षांनी साऱ्या नदीखोऱ्याचा विचार करत होता. दोन्हींचे सूत्र एकच : पाणी सर्वांचे आहे.

६. १९४७ : जमीनदार नको, भूमिहीनही नको

या विचारांचा कळस ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या मसुद्यात दिसतो. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, असे त्यांनी त्यात सुचवले. जमीनमालकांना कर्जरोख्यांच्या रूपाने भरपाई देऊन जमीन राज्याने घ्यावी. ठरावीक आकाराची शेते पाडून ती गावातील कुटुंबांच्या गटांना जात व धर्म न पाहता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावीत. पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवावे आणि उत्पन्नातील ठरलेला भाग घ्यावा. उरलेले कसणाऱ्यांनी वाटून घ्यावे. कोणी जमीनदार नाही, कोणी कूळ नाही, कोणी भूमिहीन मजूर नाही, असे गाव त्यांना हवे होते.

ही योजना घटनेत आली नाही. सामुदायिक शेतीचे जगातील सर्व प्रयोग यशस्वी झाले असेही नाही; रशियात ती बळजबरीने लादली गेली आणि माणसे उपाशी मेली. बाबासाहेबांच्या योजनेत भरपाई होती आणि संसदीय लोकशाहीची चौकट होती, हा भेद महत्त्वाचा आहे. तरीही तिच्यावर मोकळेपणाने चर्चा व्हावी. बाबासाहेबांनी आपल्याला पोथी दिलेली नाही, विचार करायला शिकवले आहे.

त्यांचे निदान मात्र खरे ठरले. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी महाराष्ट्रातील कूळ जमिनीचा मालक झाला. परंतु जो कूळही नव्हता, केवळ मजूर म्हणून दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्याच्या हाती काही आले नाही. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेत हा सर्वांत खालचा माणूस बसलाच नाही. हीच उणीव ओळखून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह केले. हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. लेकुरवाळ्या मायमाउल्याही मागे राहिल्या नाहीत. दादासाहेबांच्या नावाने २००४ पासून सुरू असलेल्या राज्य शासनाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या गावाकडच्या किती नातेवाइकांना ती माहीत आहे?

७. धम्म : रोहिणीचे पाणी

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे रूढ उत्तर म्हणजे वृद्ध, रोगी आणि प्रेत यांचे दर्शन. बाबासाहेबांनी वेगळे कारण पुढे ठेवले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. हे पाणी शेतीचे होते. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला आणि दोन्ही पक्षांनी पंच नेमून वाद मिटवावा असे सुचवले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. तेव्हा कुटुंबाची जमीन जप्त होऊन निरपराध माणसे उपाशी पडू नयेत, म्हणून त्याने स्वतः देशत्याग पत्करला. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीत तथागतांच्या प्रवासाची सुरुवातच पाणी, जमीन आणि भाकरी यांच्या प्रश्नातून होते.

पाली वाङ्मयातही याला आधार सापडतो. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजाला सल्ला दिला आहे, की चोरीमारी शिक्षेने थांबत नाही. शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे, म्हणजे राज्य शांत होईल. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो दमूनभागून, उपाशीपोटी प्रवचनाला आला. तथागतांनी त्याला आधी जेवू घालायला सांगितले, मग धम्म सांगितला. भुकेल्या माणसाला उपदेश ऐकू येत नाही, हे त्यांनी जाणले होते.

८. आपल्यापुढील काम

आपण नवी मुंबईत राहतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हा येथे भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीची मासेमारी होती. ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील भूमिपुत्रांनी लढा दिला आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित भूखंडाच्या साडेबारा टक्के योजनेमागे हे बलिदान आहे. आपल्या सदनिकेखालची जमीन कोणाच्या तरी ताटातली भाकरी होती, याची जाणीव ठेवणे हीदेखील अन्नाची नीतीच आहे. वाशीच्या घाऊक बाजारात पहाटे गोणी वाहणारा माथाडी, नाशिकचा कांदा उत्पादक आणि आपल्या घरातील गृहिणी एकाच साखळीत बांधलेले आहेत. भाव पडला की एक रडतो, चढला की दुसरी रडते. या साखळीत न्याय कसा आणावा, हा १९१८ च्या प्रबंधाइतकाच गंभीर प्रश्न आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांत शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला आणि २००४ साली स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. पण दलित बाईने शिजवले म्हणून मुलांना डबा बरोबर देणारे पालक आजही निघतात. चकवाऱ्याची लाठी गेली, तिरकी नजर उरली आहे.

म्हणून या पाठाच्या आरंभी नोंदवलेल्या समजाला उत्तर असे देता येईल. बाबासाहेबांनी लाचारीची भाकरी सोडायला सांगितले. जमिनीवरचा हक्क सोडायला त्यांनी कधीही सांगितले नाही. गावची वतनी जमीन, आजोबांच्या नावाचा सातबारा, गायरानावरची वहिवाट हे सारे दुर्लक्षाने हातचे जाऊ देणे त्यांच्या विचारात बसत नाही. शिकलेल्या मुलामुलींनी या सुट्टीत एवढे तरी करावे : गावचा सातबारा व फेरफार काढून पाहावा, नवीन व अविभाज्य शर्तीची वतनी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही हे घरच्यांना समजावून सांगावे, आणि मोठ्यांकडून भाकरी बंद केल्याची हकिगत ऐकून लिहून ठेवावी. ते सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. तुकडे एकत्र करणे आणि धारणक्षेत्र मोठे करणे यांत फरक काय? १९१८ च्या प्रबंधाच्या आधारे सांगा.
२. महाडच्या परिषदेत पाण्याबरोबर अन्नाचा प्रश्न का आला?
३. कृषकदिनाचा लाभ भूमिहीन मजुराला का झाला नाही?
४. १९४७ ची सामुदायिक शेतीची योजना आजच्या काळात कितपत शक्य आहे? दोन्ही बाजूंनी चर्चा करा.
५. रोहिणीच्या तंट्यात सिद्धार्थाने सुचवलेला मार्ग आजच्या पाणीतंट्यांना लावून पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!